काळ्या हंसाची तीन वर्षं

१८५४ साली लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीसमोर एक गायिका उभी राहिली. एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्ड हे तिचं नाव. जन्म अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला, नॅचेझ गावचा, आणि तोही गुलामीत. फिलाडेल्फियात एका क्वेकर बाईंच्या घरी ती वाढली, मुक्त झाली. गळा असा, की वृत्तपत्रं तिला ‘ब्लॅक स्वॉन’ म्हणजे काळा हंस म्हणू लागली. हा हंस नेमका कसा गायचा हे आज कुणीच सांगू शकत नाही. ती १८७६ मध्ये वारली आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. एका वर्षाची चुकामूक झाली.

मराठी रसिकाला ही हळहळ ओळखीची आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले तेव्हा हिंदुस्थानात तबकड्यांचा धंदा सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. तरी बुवांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही. शिष्यांच्या गळ्यांतून आणि जुन्याजाणत्यांच्या आठवणींतून बुवांची कल्पना करायची, इतकंच आपल्या हाती उरलं. ज्याचा आवाज मुद्रित झाला नाही, तो पुढच्या पिढ्यांसाठी फक्त एक नाव होऊन राहतो.

बरोबर त्याच सुमारास, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला एक माणूस ग्रीनफिल्डचं ते बिरुद आपल्या तबकड्यांवर छापत होता. हॅरी पेस त्याचं नाव. त्याची ‘ब्लॅक स्वॉन रेकॉर्ड्स’ ही कंपनी १९२१ च्या आरंभी निघाली आणि १९२३ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. आयुष्य पुरतं तीन वर्षांचंही नाही. पण कृष्णवर्णीयांच्या मालकीची, कृष्णवर्णीय कलावंतांची आणि देशभर माल विकणारी अशी रेकॉर्ड कंपनी अमेरिकेने त्याआधी पाहिली नव्हती. (पहिलेपणाचा मान काटेकोरपणे द्यायचा तर तो जॉर्ज ब्रूम यांना द्यावा लागेल. त्यांनी १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावातून मोजक्या तबकड्या काढल्या होत्या. पण तो घरगुती पसारा होता.)

पेस मुळात पेशाने गाणारा नव्हता. जॉर्जिया राज्यात १८८४ साली जन्मलेला हा हुशार मुलगा अटलांटा विद्यापीठात शिकला. तिथे त्याला शिक्षक लाभले डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी उभं आयुष्य वेचणारे विद्वान. गुरुशिष्यांनी पुढे मेम्फिस शहरातून एक साप्ताहिकही काढून पाहिलं. ते लवकरच बंद पडलं, पण संबंध टिकला. पेस बँकेत शिरला, मग विमा कंपनीत. आकड्यांशी त्याची गट्टी होती आणि फावल्या वेळात गाण्यांचे शब्द लिहायची हौस होती.

या हौसेपायी मेम्फिसमध्ये त्याची गाठ डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्याशी पडली. हँडी म्हणजे ज्याला पुढे लोक ब्लूज संगीताचा जनक म्हणू लागले तो. त्याने आपल्या ‘मेम्फिस ब्लूज’ या रचनेचे सगळे हक्क १९१२ मध्ये अवघ्या पन्नास डॉलरना विकून टाकले होते. गाणं गाजलं, पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला. ही ठेच दोघांनाही लागली असणार, कारण त्यानंतर ‘पेस अँड हँडी’ या नावाने त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली. ‘सेंट लुईस ब्लूज’ हे जगभर पोचलेलं गाणं १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच छापलं. तेव्हा गाणं विकायचं म्हणजे स्वरलिपीचे छापील कागद विकायचे. लोक ते घरी नेऊन पियानोवर वाजवत.

१९१८ मध्ये दोघांची संस्था न्यूयॉर्कला आली. तिथे पेसला धंद्याची खरी मेख कळली. गोऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्या त्यांची गाणी घ्यायला तयार होत्या; पण ती गाणार गोरे गायक. कृष्णवर्णीयांना स्टुडिओची दारं सर्वस्वी बंद नव्हती हे खरं. बर्ट विल्यम्ससारख्या विनोदी नटाच्या तबकड्या निघत होत्या, फिस्क विद्यापीठाच्या गायकवृंदाची भजनं निघाली होती. पण गंभीरपणे मैफल करणाऱ्या गायकाला तिथे जागा नव्हती. रोलंड हेज हा अप्रतिम आवाजाचा टेनर. त्याने कोलंबिया कंपनीला स्वतःच्या पदरचे पैसे मोजून आपल्या तबकड्या करून घेतल्या आणि स्वतःच विकल्या.

मग १९२० च्या ऑगस्टमध्ये एक चमत्कार घडला. पेरी ब्रॅडफर्ड या चिकाटीच्या संगीतकाराने ओके कंपनीच्या मागे लागून मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेकडून ‘क्रेझी ब्लूज’ गाऊन घेतलं. तबकडी झपाट्याने खपली. आगगाडीच्या शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर न्यूयॉर्क-शिकागोत तबकड्यांचे गठ्ठे घेत आणि दक्षिणेतल्या गावोगावी, स्टेशनावर गाडी थांबली की विकत. गरीब समजला जाणारा हा समाज गाण्यासाठी खिशातला डॉलर काढतो, हे गोऱ्या कंपन्यांना तेव्हा कळलं. पेसला ते आधीपासून ठाऊक होतं.

त्याने हँडीपासून फारकत घेतली, भांडण न करता. तीस हजार डॉलरच्या भांडवलावर ‘पेस फोनोग्राफ कॉर्पोरेशन’ उभं केलं आणि हार्लेममध्ये १३८व्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या तळघरात कचेरी थाटली. संचालक मंडळात डु बॉईस आले, हार्लेमचे जमीनजुमल्याचे बडे व्यवहारी जॉन नेल आले. ध्वनिमुद्रणाचं काम बघायला पेसने नेमला फ्लेचर हेंडरसन, अटलांटा विद्यापीठाचाच रसायनशास्त्राचा पदवीधर. पुढचं शिक्षण घ्यायला तो न्यूयॉर्कला आला होता, पण पोटासाठी पियानो वाजवू लागला होता. वाद्यवृंदाच्या रचना बांधायला विल्यम ग्रँट स्टिल हा तरुण संगीतकार आला. कंपनीच्या कचेरीत टाचणी पडली तरी ती पुढच्या पन्नास वर्षांच्या अमेरिकी संगीताच्या इतिहासात ऐकू यावी, अशी ही माणसं होती.

डु बॉईस यांच्या नावाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डु बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्या स्थितीसारखीच असल्याचं नमूद केलं. डु बॉईस यांचं आस्थेचं उत्तरही आलं. असा हा माणूस एका रेकॉर्ड कंपनीचा संचालक व्हायला का तयार झाला? कारण त्यांच्या लेखी हा नुसता करमणुकीचा धंदा नव्हता. आपल्या समाजाचा आवाज कुणी ठरवायचा, असा तो प्रश्न होता.

आवाज मुद्रित करणं तेव्हा अंगमेहनतीचं काम होतं. मायक्रोफोन नव्हता, तो आला १९२५ मध्ये. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, वादकांनी दाटीवाटीने मागे बसायचं. त्या हवेच्या कंपनांनी सुई हलायची आणि फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर चर कोरत जायची. ढोल जोरात वाजला की सुई उडे, म्हणून ढोलच वगळत. चूक झाली की ती मेणाची चकती बाद. मेणावरून धातूचा साचा बनायचा आणि साच्याखाली गरम मऊ लगदा दाबून तबकडी निघायची. त्या लगद्यात दगडाची भुकटी, काजळी आणि मुख्य म्हणजे लाख असे. ही लाख बहुतेक सगळी हिंदुस्थानातून जात होती. छोटा नागपूर, मध्य प्रांत इथल्या पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून आदिवासी बायाबापड्यांनी खरवडून काढलेली. जगात कुठेही गाणं वाजलं तरी त्याच्या तळाशी आपल्या जंगलातला तो लाल राळेचा थर होता.

साचा कुठे दाबायचा हाच पेसचा पहिला पेच ठरला. न्यूयॉर्कमधल्या कंपन्या त्याचं काम घ्यायला राजी नव्हत्या. एका बड्या कंपनीने, पेसचं काम होऊ नये म्हणून, तबकड्या छापणारा एक कारखानाच विकत घेतला, असं पेसने नंतर सांगितलं आहे. शेवटी त्याचे साचे रेल्वेने शेकडो मैल दूर विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्ट वॉशिंग्टनला जाऊ लागले. तिथे खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने रेकॉर्डचाही कारखाना काढला होता. ‘पॅरामाउंट’ हा तिचाच छाप. हे नाव लक्षात ठेवायला हवं.

१९२१ च्या मे महिन्यात पहिल्या तबकड्या बाजारात आल्या. एक बॅरिटोन गायक, एक सोप्रानो गायिका, एक हलकीफुलकी गाणी म्हणणारी. घरंदाज, सभ्य, मोजूनमापून निवडलेला माल. पहिल्या महिन्याची विक्री सातशे डॉलरच्याही आत राहिली.

त्या उन्हाळ्यात एथेल वॉटर्स आली. फिलाडेल्फियाजवळच्या चेस्टर गावची, अत्यंत हलाखीत वाढलेली, पंचविशीच्या आसपासची उंच सडपातळ बाई. हार्लेमच्या एका तळघरातल्या दारूगुत्त्यात ती गात असे. आत्मचरित्रात तिने कंपनीतली पहिली भेट वर्णिली आहे: पेस आणि हेंडरसन तिने ‘लोकप्रिय’ गावं की ‘सुसंस्कृत’ गावं यावर खल करत बसले होते. अखेर लोकप्रिय ठरलं. तिने शंभर डॉलर मागितले, ते मिळाले. ‘डाउन होम ब्लूज’ निघालं आणि कंपनी तोट्यातून वर आली. एथेलचं गाणं आजही ऐकावं. कर्ण्याच्या खरखरीतून तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ उमटतो, ब्लूजचा कढ त्यात आहे आणि तरी आवाज कुठे फाटत नाही. पेसला हवं असलेलं सगळं त्या एका गळ्यात होतं: बाजारात चालणारं गाणं आणि त्याच्या मनातली प्रतिष्ठा.

हा ‘लोकप्रिय की सुसंस्कृत’ खल समजायला मराठी वाचकाला फार लांब जायला नको. लावणी ऐकायला सगळ्यांना हवी, पण पांढरपेशा घराच्या ओसरीवर ती चालत नसे. हार्लेमच्या शिकल्यासवरलेल्या वर्गात ब्लूजचं तेच होतं. दारूगुत्त्यातलं, उघड्या वासनांचं, गावंढळ गाणं. गोऱ्यांच्या मनातल्या हिणकस चित्राला ते पुरावा पुरवतं, अशी भीती. पेसला सिद्ध करायचं होतं की आमचा माणूस काहीही गाऊ शकतो. म्हणून त्याने ब्लूजच्या पैशावर ऑपेरा काढला. अँटोनेट गार्न्स या गायिकेकडून इटालियन ऑपेरातली पदं गाऊन घेतली. भजनं काढली, व्हायोलिन काढलं. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेलं आणि कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत मानलं जाणारं गीतही तबकडीवर आणलं. यातलं बरंचसं खपणार नाही हे पेसच्या विमावाल्या डोक्याला कळत नसेल असं नाही. तरी त्याने ते केलं, आणि त्यासाठी त्याचा मान ठेवावा असं वाटतं.

पण याच प्रतिष्ठेच्या ध्यासाने त्याच्याकडून मोठी चूकही करून घेतली. १९२१ मध्ये बेसी स्मिथ नावाची गायिका ब्लॅक स्वॉनकडे आवाजाची चाचणी द्यायला आली होती. फार रांगडी, म्हणून तिला परत पाठवलं गेलं. ध्वनिमुद्रण मध्येच थांबवून तिने थुंकायची परवानगी मागितली आणि पेसच्या मनातून ती उतरली, अशी दंतकथा आजवर सांगतात. ती खरी असो वा नसो, नकार खरा होता. दोन वर्षांनी, १९२३ च्या फेब्रुवारीत, कोलंबिया कंपनीने बेसीचं ‘डाउन हार्टेड ब्लूज’ मुद्रित केलं आणि ती बघता बघता ब्लूजची सम्राज्ञी झाली. ते गाणं रचण्यात वाटा असलेली अल्बर्टा हंटर आधी ब्लॅक स्वॉनकडेच गात होती. तीही १९२२ मध्ये पॅरामाउंटला निघून गेली होती.

तोवर मात्र दिवस चढते होते. १९२१ च्या हिवाळ्यात पेसने ‘ब्लॅक स्वॉन ट्रूबॅडोर्स’ नावाचा जलसा दौऱ्यावर पाठवला. गायला एथेल, वाजवायला हेंडरसन आणि त्याचे साथीदार. एथेलशी करार झाला त्यात एक विलक्षण अट होती: वर्षभर लग्न करायचं नाही. जलसा गावोगाव हिंडला. दक्षिणेकडे निघायची वेळ आली तेव्हा काही वादकांनी सरळ नकार दिला. तिकडे कृष्णवर्णीय माणसाला झाडाला लटकवणारे जमाव होते, वेगळे डबे, वेगळ्या खाणावळी होत्या. भीती अजिबात खोटी नव्हती. एथेल गेली. आपली माणसं तिथे ऐकायला बसली आहेत, आपण गेलंच पाहिजे, अशी तिची भूमिका होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या रेडिओवरून तिचं गाणं प्रक्षेपित झालं. ज्या शहरात तिला समोरच्या दाराने बऱ्याच इमारतींत शिरता आलं नसतं, त्या शहरातल्या गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत तिचा आवाज त्या संध्याकाळी शिरला.

याच दौऱ्याच्या आगेमागे एथेलने हेंडरसनला एक धडा दिला. तो सुशिक्षित वादक, नोटेशन बघून नेटकं वाजवणारा. तिला हवा होता तो ठेका त्याच्या बोटांत नव्हता. तिने त्याला जेम्स पी. जॉन्सन या हार्लेमच्या पियानोवादकाचे छिद्रांकित कागदी रोल ऐकायला लावले. यांत्रिक पियानोवर ते लावले की पट्ट्या आपोआप दाबल्या जात. त्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून तो शिकला. दोनच वर्षांनी त्याच हेंडरसनने आपल्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगला घेतलं. पुढे बेनी गुडमनच्या स्विंग बँडची मोडणी ज्या रचनांवर उभी राहिली, त्याही त्याच्याच हातच्या.

पैसा आल्यावर पेसने तेच केलं जे परावलंबनाने होरपळलेला कुठलाही कारखानदार करेल. स्वतःचा कारखाना घेतला. १९२२ मध्ये जॉन फ्लेचर या गोऱ्या भागीदारासह त्याने दिवाळखोर झालेल्या ऑलिम्पिक कंपनीचा लाँग आयलंड सिटीतला कारखाना विकत घेतला. आता साचे विस्कॉन्सिनला पाठवायची गरज नव्हती. मात्र चालू यंत्रांना रोज चारा लागतो, आणि तेवढी स्वतःची गाणी कंपनीकडे नव्हती. कारखान्याबरोबर ऑलिम्पिकचे जुने साचेही आले होते, गोऱ्या वाद्यवृंदांचे. पेसने ते काळ्या हंसाच्या छापाखाली, खोट्या नावांनी विकायला काढले.

इथे पेसचा दोष झाकून चालणार नाही. ‘क्रायसिस’ या डु बॉईस यांच्या मासिकात त्याच्या जाहिराती छापून येत. आमचे भागधारक, कलावंत, नोकर सगळे कृष्णवर्णीय. खरी कृष्णवर्णीयांची रेकॉर्ड आमचीच, बाकीच्या नुसतं सोंग घेतात, असं त्या सांगत. ज्या गिऱ्हाइकाने या शब्दावर विश्वासून आपल्या मजुरीतला डॉलर दिला, त्याची ही फसवणूकच होती. पेसकडे कर्जाचे हप्ते होते, कारखान्याचा खर्च होता, कामगारांचे पगार होते. ही कारणं खरी आहेत, आणि तरीही.

शेवट भराभर आला. पेसने जो बाजार आहे म्हणून दाखवून दिलं, त्यात मोठे भांडवलवाले उतरले. ओके, पॅरामाउंट, कोलंबिया या सगळ्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या मालिका काढल्या, गायिका पळवल्या, भाव पाडले. दुसरीकडून रेडिओ आला. १९२२-२३ मध्ये केंद्रं भूछत्रासारखी उगवली आणि घरबसल्या फुकट गाणं मिळू लागल्यावर तबकड्यांचा खप एकदम बसला. बड्या कंपन्यांनी तो फटका सोसला. पेसच्या गाठीला सोसायला काही नव्हतं. डिसेंबर १९२३ मध्ये दिवाळं जाहीर झालं. १९२४ च्या वसंतात काळ्या हंसाचे साचे पॅरामाउंटच्या ताब्यात गेले. जे पहिल्यांदा फक्त छापून देत होते, तेच आता धनी झाले.

पेस विम्याच्या धंद्यात परतला आणि तिथे चांगलाच वर चढला. शिकागोच्या सुप्रीम लिबर्टी लाइफ या मोठ्या कृष्णवर्णीय विमा कंपनीचा तो अध्यक्ष झाला. त्याच्या हाताखाली जॉन जॉन्सन नावाचा पोरगेलासा कारकून शिकून तयार झाला, ज्याने पुढे ‘एबनी’ हे मासिक काढलं. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास पेस वकील झाला. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलेल्या हॅन्सबेरी कुटुंबाचा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला, त्या लढ्यात त्याची कंपनी आणि तो स्वतः गुंतलेले होते. त्या घरातली मुलगी लोरेन हॅन्सबेरी. तिने त्या अनुभवातून ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक लिहिलं.

पेसचा वर्ण इतका उजळ होता की अनोळखी माणूस त्याला सहज गोरा समजे. आयुष्याच्या अखेरीस तो आणि त्याचं कुटुंब गोऱ्यांमध्येच मिसळून गेलं. १९४३ मध्ये तो वारला. त्याच्या नातवंडांना आपला आजोबा कृष्णवर्णीय होता, त्याने अशी एक कंपनी काढली होती, हे कित्येक दशकांनी कळलं. ‘बाकीच्या नुसतं सोंग घेतात’ असं जाहिरातीत छापणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात हे मौन का स्वीकारलं, याचा निवाडा करायला बसू नये. त्याच्या काळात गोरं दिसणं म्हणजे मुलांना चांगली शाळा, सुरक्षित गल्ली आणि रात्रीची झोप. ज्याला हे नाकारलं जाण्याची धास्ती कधी वाटली नाही, त्याने त्याच्याविषयी जपून बोलावं.

काळ्या हंसाने अडीच-तीन वर्षांत दीडशेहून अधिक तबकड्या काढल्या. लाखेची चकती ठिसूळ. पडली की फुटते, हजारदा वाजवली की चर झिजतात. ज्या उरल्या त्या संग्राहकांच्या फडताळांत आणि ग्रंथालयांत आहेत. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरची मालकी १ जानेवारी २०२२ ला संपली, १९२३ ची १ जानेवारी २०२४ ला. एथेल वॉटर्सचं ‘डाउन होम ब्लूज’ आता ना पॅरामाउंटचं, ना पेसच्या वारसांचं. ते कुणीही उतरवून घ्यावं, वाजवावं. तीन मिनिटांचं ते गाणं सुरू होताना आधी सुईची खरखर येते, मग पितळी वाद्यं, आणि मग ती.